‘जीव घाबरायलाय’ हेही लक्षणच आहे

मटणाच्या दुकानात ‘पाव किलो काळीज द्या’ म्हटलं की खाटीक यकृत तोलून देतो. डॉक्टर ज्याला हृदय म्हणतात ते हवं असेल तर ‘दिल’ मागावं लागतं. आमच्या लातूर-नांदेडकडं दिल आणि गुर्दा एका दमात मागतात, आणि कुणी धाडसाचं काम केलं की ‘त्याला दिल-गुर्दा लागतो बाबा’ असं म्हणतात. कुणी ‘जिगर लागते’ म्हणतं, तर जिगर म्हणजे पुन्हा यकृतच. शरीरशास्त्राचा हिशेब लावला तर आपली बरीचशी माया आणि बरंचसं शौर्य भलत्याच अवयवात मुक्कामाला आहे.

त्यानं कुणाचं काही अडत नाही. काळजाला घरं पडतात ती बोलण्यानं, काळजाचं पाणी होतं ते भीतीनं, आणि लेक काळजाचा तुकडा असते. ऊर लग्नात भरून येतो आणि मयताच्या घरी बडवला जातो. छाती पुढं काढायलाही लागते आणि सोसायटीच्या कर्जाचा आकडा ऐकून दडपायलाही. जीव टांगणीला लागतो, तुटतो, भांड्यात पडतो. निजामाच्या राज्यात सव्वादोनशे वर्षं काढल्यामुळं दिलाचं गोत तर घरोघर पसरलेलं: दिलासा, दिलगीर, दिलदार, दिलजमाई. उरलं ‘हृदय’. तो शब्द परका नाही. गंगाखेडच्या जनाबाईनं विठ्ठलाला हृदयाच्याच बंदिखान्यात कोंडलं, आणि ते ऐकत इथल्या पिढ्या वारीला गेल्या. पण तिथं देव राहतो. दुखतं ते छातीत, पोटात, उरात, जिवात. दवाखान्याच्या पाटीवर मात्र ‘हृदयरोग’ असं लिहिलेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की मराठवाड्यात हृदयविकाराच्या झटक्यानं जी माणसं वेळेत उपचार न मिळता जातात, त्यातली काही या दोन भाषांच्या मधल्या फटीत पडून जातात. ही फट बुजवायचं काम रुग्णाचं नाही. त्याला ‘हृदय’ शब्द पाठ करायला लावण्यापेक्षा आरोग्यव्यवस्थेनं त्याचे शब्द लक्षण म्हणून ऐकावेत, आणि जिथं ते पहिल्यांदा उच्चारले जातात तिथंच पहिला ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख, निघावा. यातली एकच गोष्ट करून भागणार नाही.

जनजागृतीचे फलक पाहा. ‘छातीच्या डाव्या बाजूस तीव्र वेदना’ हे वाक्य एसटी स्टँडपासून तहसीलपर्यंत सगळीकडं वाचायला मिळतं. शेजारी सिनेमातल्यासारखा छाती धरून कोसळणारा माणूस. आता गावातल्या दवाखान्यात काय बोलणं होतं ते ऐका.

“काय बप्पा, छातीत दुखायलंय का?”

“न्हाई ओ डॉक्टरसाहेब, दुखत न्हाई. जड वाटायलंय. धोंडा ठेवल्यावानी.”

“आणखी काय?”

“जीव घाबरायलाय. पोटात कसंतरीच व्हायलंय.”

पहिल्याच उत्तरात ‘न्हाई’ आलं. विचारणारा घाईत असेल, रांग दारापर्यंत गेलेली असेल, तर छातीदुखीच्या रकान्यात फुली पडते आणि पुढचं सगळं गॅसच्या खात्यात जमा होतं. बप्पाही मनातून तेच ऐकायला आलेले असतात. घरून निघताना लिंबू-सोडा पिऊन झालेला असतो, एखादं ढेकर आलं तर बरंही वाटलेलं असतं. पित्ताची गोळी, एक इंजेक्शन, आणि माणूस मोटारसायकलवर मागं बसून घरी.

वैद्यकाच्या दृष्टीनं पाहिलं तर बप्पांचं उत्तर चोख आहे, फलकावरचं वाक्यच अर्धवट आहे. हृदयाकडून मेंदूकडं जाणाऱ्या संवेदनेच्या नसा पाठीच्या कण्याच्या वरच्या भागात शिरतात, आणि त्याच जागी छातीच्या आणि हाताच्या नसाही येऊन मिळतात. त्वचेवर डास बसला तर बोट नेमकं तिथं जातं. हृदयाच्या बाबतीत मेंदूला अशी जागा सांगता येत नाही. म्हणून कळ डाव्या हातात उतरते, जबड्यात जाते, पाठीत भरते. हृदयाच्या खालच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटला तर मळमळ, उलटी आणि पोटाच्या वरच्या बाजूला कळ, हेच पहिलं लक्षण असू शकतं. पुष्कळ रुग्ण ‘दुखतंय’ हा शब्द वापरतच नाहीत, ते दाब, जडपणा, आवळल्यासारखं सांगतात. मधुमेह जुना असेल तर नसांची संवेदना मंदावते आणि कळ जवळजवळ नसतेच. दरदरून घाम आणि दम एवढंच उरतं.

आणि ‘जीव घाबरणं’? आता आपण मरतो अशी अचानक, आतून येणारी खात्री वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात लक्षण म्हणून नोंदलेली आहे, लॅटिन नावासकट. आमच्या म्हातारीनं तेच एका क्रियापदात बसवलंय. पुस्तकातलं लॅटिन वाचून परीक्षा पास झालेला मुलगा खाटेवरचं मराठी ऐकून ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणतो, याचा दोष मी त्या मुलाला देत नाही. त्याला ते कुणी शिकवलेलं नाही. आपल्याकडं वैद्यकीय शिक्षण इंग्रजीतून होतं आणि रुग्ण व्हायलंय-करायलंयमध्ये बोलतो. मधला पूल प्रत्येक डॉक्टर आपल्या जबाबदारीवर बांधतो. कुणी सुंदर बांधतात. अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिकलेले, आता तालुक्याच्या गावी बसलेले डॉक्टर मला माहीत आहेत; ते ‘दुखतंय का’ असं विचारतच नाहीत. ते विचारतात, ‘चढ चढताना, पाण्याची घागर आणताना छाती भरून येती का, आणि थांबलं की मोकळी होती का?’ एवढ्या एका प्रश्नात अर्धं निदान होतं. पण ही विद्या ज्याची त्याच्याजवळ राहते. ती छापलेल्या तपासणी-अर्जात का नाही?

‘काळजाला धक्का बसला’ हा वाक्प्रचार आपण नुसताच अलंकार समजतो. तो कधी कधी शब्दशः खरा असतो. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ भूकंप झाला. आधीच्या आठवड्यात तिथं हृदयविकारानं अचानक मरणाऱ्यांची रोजची सरासरी पाचच्या आत होती. त्या एका दिवशी ती संख्या २४ झाली. आपला किल्लारीचा भूकंप त्याच्या साडेतीन महिने आधीचा, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा. आपण ढिगाऱ्याखाली गेलेली माणसं मोजली. तंबूत, पत्र्याच्या शेडमध्ये नंतर ज्यांची छाती धडधडत राहिली, त्यांची मोजदाद कोण ठेवणार? जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास एक विकार नोंदवला, ज्यात मोठ्या दुःखानं किंवा भीतीनं हृदयाचा खालचा भाग फुगून ढिला पडतो, बहुतेक वेळा पाळी गेलेल्या बायकांमध्ये, आणि तो झटक्यासारखाच दिसतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असं दिसलं, की जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका नेहमीच्या एकवीस पट होतो. म्हणजे मयताच्या घरी जी बाई ऊर बडवता बडवता खाली बसली, घामानं भिजली, तिच्या तोंडावर नुसतं पाणी मारून ‘उमाळा आलाय, पडू द्या’ म्हणणं धोक्याचं आहे. उमाळा असेलही. पण तिथं जमलेल्या शंभर माणसांत एकाकडं तरी गाडी असते.

बायकांचा विषय निघालाच आहे तर तो नीट बोलला पाहिजे, कारण माझ्या मते फट सगळ्यात रुंद तिथंच आहे. झटक्याचं चित्र आपल्या डोक्यात पुरुषाचं. बाईनं छाती जड झाल्याचं सांगितलं तर घरचे आधी उपास विचारतात, मग भांडण विचारतात. २०१९ साली शासनाच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यावर बोललं गेलं ते मजुरी, मुकादम आणि खासगी दवाखान्यांच्या अंगानं, आणि ते योग्यच होतं. हृदयाच्या अंगानं मात्र फारसं कुणी बोललं नाही. पिशवीबरोबर बीजांडंही कमी वयात काढली तर शरीराला मिळणारं संप्रेरकांचं संरक्षण एकदम जातं आणि पुढं हृदयविकाराचा धोका वाढतो. त्यात दातांना मिश्री, गालात तंबाखू. अशी चाळिशीची बाई ‘पायरी चढताना दम लागायलाय, पाठ भरून यायली’ म्हणते तेव्हा तिच्या वयाकडं बघून सोडून देता येत नाही. बावन्न देशांत झालेल्या आणि २००४ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, बाकीच्या जगात ५९ व्या. आपल्याकडं तो कर्त्या वयात येतो, हे धरूनच चालावं लागेल.

आता घड्याळाकडं. झटका म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणं. ती विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या तासात दिलं तर हजार रुग्णांमागे साधारण ६५ जास्तीचे जीव वाचतात. दोन ते तीन तासांच्या मध्ये दिलं तर २६. नव्वदच्या दशकापासून हे आकडे वैद्यकाला माहीत आहेत. नकाशाकडं बघा. किनवटहून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या पुढं. आष्टीचा रुग्ण बीडऐवजी अहिल्यानगरला जातो, परंड्याचा बार्शीला, उमरग्याचा सोलापूरला. आजारी माणसाला जिल्ह्याची हद्द कळत नाही, रुग्णवाहिकेला मात्र कधी कधी फार कळते. अँजिओप्लास्टीची, म्हणजे अडलेली रक्तवाहिनी फुग्यानं उघडायची, सोय मोठ्या शहरांत, आणि ती गावोगाव होणार नाही हे मान्य करू. सपाट भागात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा सरकारी निकष आहे. त्या केंद्रात रात्री अकरा वाजता ईसीजी निघाला, त्याचा फोटो मोबाइलवरून जिल्ह्याच्या तज्ज्ञाकडं गेला, आणि त्यानं हो म्हटल्यावर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ते इंजेक्शन मिळालं, तर उरलेला प्रवास रुग्ण निदान अर्धा सावरून करतो. तज्ज्ञाचा हो आवश्यकच, कारण या औषधानं रक्तस्राव होऊ शकतो आणि ते प्रत्येकाला देता येत नाही.

हे स्वप्नरंजन नाही. तमिळनाडूत नेमकी अशी साखळी बांधून तिचा अभ्यास झाला: लहान दवाखाने, मधली रुग्णालयं आणि अँजिओप्लास्टी करणारी केंद्रं एकमेकांना जोडलेली, ईसीजी पुढं पाठवायची सोय, आणि विमा योजनेचा पैसा. साखळी सुरू होण्याआधी झटका आलेल्यांपैकी वर्षभरात १७.६ टक्के दगावत होते, नंतर १४.२ टक्के. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडं १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, महात्मा फुले योजनेत हृदयाचे उपचार बसतात. मणी आहेत, दोरा ओवायचा राहिलाय.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की लोकांना शिकवा, ते उशिरा येतात. येतात हे खरं आहे. पण का येतात? फलकावरची कळ आपल्याला नाही, हे पाहून येत नाहीत. शिकवायचंच असेल तर त्यांच्याच शब्दांत शिकवा. ‘छाती जड, घाम, जीव घाबरा, हात भरून आला: सोडा पिऊ नका, १०८ लावा’ एवढं किराणा दुकानाच्या दारावर लागलं तरी पुष्कळ. आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांची कंबर मोजते, तंबाखूचं विचारते. तिच्या तोंडी घागरीचा तो प्रश्न द्या. तिला तो बोलीत विचारता येतो, भाषांतर लागत नाही.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा आणि जास्त खरा. जीव घाबरणाऱ्या प्रत्येकाचा ईसीजी काढायचा तर दवाखाने बुडतील, कारण यातले बरेच जण खरंच चिंतेनं आलेले असतात. पाऊस नाही, सोयाबीनला भाव नाही, पोरीचं लग्न ठरलंय, अशा माणसाचाही जीव घाबरतो, घाम सुटतो, छाती धडधडते. पण बाहेरून पाहून हे दोन वेगळे करता येत नाहीत, हेच तर ईसीजी काढण्याचं कारण. पाच मिनिटांचं काम, कागदाची पट्टी. ती नीट निघाली तर त्या शेतकऱ्याला ‘काही नाही’ म्हणून घरी धाडायचं असंही नाही. शासनानं शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सुरू केलेल्या प्रेरणा प्रकल्पात मराठवाड्याचे जिल्हे आहेत. ईसीजीच्या खोलीतून तिकडं जाणारी वाट असली पाहिजे. काळीज आणि मन वेगळं करून सांगता न येणारा रुग्ण दोन्ही दारांवरून परत जातो, असं आज होतं. पहिली पट्टी सरळ आली म्हणून झटका नाहीच असंही नसतं, अर्ध्या तासात पुन्हा काढावी लागते. म्हणजे तेवढा वेळ बाकावर बसवून ठेवण्याची तयारी हवी. आणि यंत्र भांडारात असणं वेगळं, रात्री ते लावणारं माणूस हजर असणं वेगळं. इथं मला यंत्रखरेदीपेक्षा नेमणुकांची काळजी जास्त वाटते. खरेदी आपल्याकडं जोमात होते.

मरणाच्या नोंदीकडंही एकदा पाहावं. गावात कुणी अचानक गेलं की ‘अटॅकनं गेले’, ‘हार्ट फेल झालं’. कागदावर ‘हृदयक्रिया बंद पडून’. वास्तविक हृदयक्रिया प्रत्येकाचीच बंद पडते, सर्पदंशानं गेलेल्याचीही. ते मरण कसं आलं याचं वर्णन झालं, कारण नव्हे, आणि मृत्यूचं कारण भरताना असं लिहू नये अशी स्पष्ट सूचना असते. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले २२ टक्क्यांच्या आसपास होते. उरलेल्यांबाबत आपण सगळे अंदाजानं बोलतो, हा लेखही त्यात आला. कोणत्या तालुक्यात किती माणसं खरोखर झटक्यानं जातात हे कळल्याशिवाय तज्ज्ञ कुठं बसवायचा, इंजेक्शन कुठं ठेवायचं हे आमदाराच्या वजनावर ठरत राहील.

सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं तर मी ऊसतोडीपासून म्हणेन. दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना, धाराशिवकडच्या वस्त्या रिकाम्या होतात आणि माणसं कारखान्यांच्या तळांवर कोप्या ठोकून राहतात. तिथं त्यांचं आरोग्य केंद्र नसतं, ओळखीची आशाताई नसते. पहाटे चारच्या थंडीत मोळ्या वाहताना छाती भरून आली तर बसायची सोय नाही, कारण बसलं की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेत, चढतात. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये घ्यायचं धोरण ठरलेलं आहे. हंगामापुरतं प्रत्येक तळावर एक ईसीजी यंत्र, दोन पाळ्यांत ते लावणाऱ्या दोन नर्स आणि जवळच्या रुग्णालयाशी बांधलेला एक फोन, एवढा खर्च त्यातून निघावा. आणि ईसीजी काढायला गेलेल्या कोयत्याचा, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीचा, खाडा धरायचा नाही, हे मुकादमाच्या करारात लिहून घ्यावं.